आधी चित्र काढा, मग शब्द शोधा: शब्दकोड्यातल्या आकृती, आकडे आणि राजचिन्हं

शब्दकोड्यात कंसाला दोन घरं लागतात, व्यासाला दोन आणि कर्णालाही दोनच. तिघेही पुराणकथांत राहतात आणि भूमितीच्या पुस्तकातही. शब्दकोडं रचणाऱ्याला आणखी काय हवं? 'मथुरेचा राजा, वर्तुळाचा तुकडा', 'महाभारतकार वर्तुळाच्या केंद्रातून आरपार', 'काटकोनासमोर उभा कुंतीपुत्र' अशी तीन शोधसूत्रं बसल्या जागी तयार होतात. सोडवणारा मात्र एकतर पुराणातली नावं आठवत बसतो, नाहीतर शाळेतल्या व्याख्या. दोन्ही कपाटं एकदम उघडायचं सहसा सुचत नाही.

आकृत्या, आकडे, झेंडे, मुद्रा, लांछनं या विषयांवरची सूत्रं भल्याभल्यांना अडवतात. बाकी सगळं कोडं भरलेलं असतं आणि एका कोपऱ्यात 'ध्वजावर ताड असलेला (४)' रिकामं राहतं; कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं. माझ्या मते याचं कारण एवढंच, की ही सूत्रं मुळात चित्राबद्दल असतात आणि आपण ती शब्दांनी सोडवायला जातो. म्हणून माझी पहिली सवय अगदी साधी आहे. सूत्र वाचलं की कोड्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने ते चित्र काढायचं. वाईट काढलं तरी चालतं. काटकोनासमोर काय आहे ते काढलं की त्रिकोणाची लांब तिरकी बाजू दिसते, आणि तिचं नाव आठवायला मग कुंतीची गरज उरत नाही.

सूत्र कुठल्या कपाटातलं आहे?

'आकडा', 'अंक', 'आकृती', 'चिन्ह' हे शब्द दिसतात तितके सरळ नाहीत. त्यातला 'अंक' सर्वांत लबाड. संख्या लिहायची खूण म्हणजे अंक, नाटकाचा भाग म्हणजे अंक, मासिकाची प्रत म्हणजे अंक, संस्कृत वळणाने मांडी म्हणजे अंक, आणि खूण किंवा डाग म्हणजेही अंक. हा शेवटचा अर्थ लक्षात ठेवा, कारण तो चंद्राच्या नावांत लपलेला आहे. ज्याच्या अंगावर सशाची खूण आहे तो शशांक आणि हरणाची आहे तो मृगांक. दोन्ही तीन घरांचे. मधलं अक्षर मिळालं तर 'शां' आणि 'गां' यावरून निकाल लागतो. ते मिळालं नाही तर सूत्रात ससा आहे की हरीण, हे पुन्हा एकदा वाचावं लागतं. 'लांछन' हाही असाच शब्द. आज त्याचा अर्थ कलंक असा घेतला जातो, पण कोड्यात तो बहुतेक वेळा नुसती ओळखखूण असतो.

'आकृती' आली तर चार शक्यता तपासा: सपाट भूमितीची आकृती, भरीव घनाकृती, शरीराची ठेवण, किंवा पूजेतलं आणि शिल्पातलं शुभचिन्ह. 'चिन्ह' आलं तर ते अंगावरचं आहे, हातातलं आहे, झेंड्यावरचं आहे, नाण्यामुद्रेवरचं आहे की वाहन आहे, हे आधी ठरवा. ही पाच ठिकाणं वेगळी आहेत आणि बहुतेक चुका ती एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. त्यावर पुढे सविस्तर येईलच.

घरं मोजताना

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी आणि अनुस्वारासकट पूर्ण अक्षर. जोडाक्षरही एकाच घरात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भूमितीच्या शब्दांत फसगत होते, कारण ते जोडाक्षरांनी भरलेले आहेत. 'त्रिज्या' ऐकायला मोठा वाटतो, पण घरं दोनच: त्रि, ज्या. 'स्पर्शिका' तीन घरांत बसते. 'वर्तुळ' तीन. 'षट्कोन'ही तीनच, कारण 'ट्' पुढच्या 'को'ला चिकटतो. चार घरं दिसली म्हणून कुणी 'षटकोन' भरत असेल तर कोडं रचणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं आहे किंवा उत्तर वेगळं आहे. चार घरांची मंडळी म्हणजे पंचकोन, सप्तकोन, अष्टकोन.

इथेच दुसरा एक खड्डा आहे. 'त्रिकोण'च्या शेवटी 'ण' आणि 'चौकोन'च्या शेवटी 'न'. त्रिकोण संस्कृतातून जसाच्या तसा आला, तर चौकोन मराठीत घडला आणि त्यात मराठी 'कोन' आला. काटकोन, लघुकोन, विशालकोन, पंचकोन, षट्कोन हे सगळे 'न'वाले. तरीही काही जण 'षट्कोण' लिहितात. म्हणून शेवटच्या घरातून उभा शब्द जात असेल तर तिथे मी पेन्सिलीने 'न/ण' असं दोन्ही लिहून ठेवतो आणि उभ्या शब्दाला निवाडा करू देतो.

ऱ्हस्व-दीर्घाचंही असंच. आपल्या लेखननियमांनुसार 'कपी', 'केतू', 'शंकू' असे सुटे शब्द दीर्घ लिहितात, पण समासात पूर्वपद म्हणून आले की मूळ संस्कृतासारखे ऱ्हस्व होतात. 'कपी' दोन घरांत दीर्घ 'पी', तर 'कपिध्वज' चार घरांत ऱ्हस्व 'पि'. आडवा शब्द सुटा आणि उभा शब्द सामासिक असेल तर छेदणाऱ्या घरात या दोघांचं भांडण होतं. चांगला रचनाकार ते टाळतो. टाळलेलं नसेल तर आपण आपल्या उत्तरावर शंका घ्यायची, नियमावर नाही. 'परीघ' मात्र दोन्ही प्रकारे सापडतो: भूमितीत 'परीघ', आणि जुन्या युद्धवर्णनांतला लोखंडी दंडा 'परिघ'.

आकृत्या: नावातच चित्र असतं

मराठी भूमितीचे पारिभाषिक शब्द कोरडे वाटतात, पण ते चित्रांतून आलेले आहेत. हे एकदा कळलं की पाठांतर संपतं. 'इष्टिका' म्हणजे वीट आणि 'चिती' म्हणजे रचलेला ढीग. म्हणून विटेच्या आकाराची घनाकृती ती इष्टिकाचिती (५). तशीच गोल चकत्या एकावर एक रचल्या की होणारी ती वृत्तचिती (४). 'शंकू' म्हणजे टोकदार खुंटी, जिची सावली मोजून वेळ आणि दिशा काढत. 'जीवा' (२) म्हणजे धनुष्याची दोरी, आणि वर्तुळाच्या कंसाची दोन टोकं जोडणारा रेषाखंडही. ही दोरी काढून पाहा: वरचा वाकलेला कंस धनुष्यासारखा दिसतो आणि खालची सरळ रेघ दोरीसारखी. 'धनुष्याला बांधलेली, वर्तुळातही' असं सूत्र आलं तर उत्तर हाताशी आहे.

'पतंग' (३) हा चौकोनही आहे: शेजारशेजारच्या बाजूंच्या दोन जोड्या समान, कर्ण एकमेकांना काटकोनात छेदणारे. उडणारा पतंग आणि दिव्यावर झेपावणारा कीटक धरला तर एका शब्दात तीन सूत्रं मावतात. 'घन' (२) म्हणजे ढग, सहा चौरस पृष्ठांचा ठोकळा आणि संख्येचा तिसरा घात. 'घात' म्हणजे पुन्हा दगा. ठोकळ्यावरचं सूत्र असेल तर पृष्ठं सहा, कडा बारा आणि शिरोबिंदू आठ हे डोक्यात असू द्या, कारण रचनाकार नेमका यातला एक आकडा देऊन उरलेलं विचारतो.

षट्कोनाची खूण जवळजवळ नेहमी मधमाशीचं पोळं असते. त्यामागे कारणही आहे. एकाच मापाच्या समभुज, समकोनी आकृत्या शेजारीशेजारी ठेवून फट न सोडता जमीन भरायची असेल तर तीनच जमतात: त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. पंचकोनांनी ते होत नाही. सूत्रात 'फरशी', 'फट', 'पोळं' असं काही असेल आणि घरं तीन असतील तर या तिघांतच शोधा.

रोजच्या वस्तूंवरून विचारलेल्या आकारांना फार वेळ देऊ नका. टोकाला टोक लावलेले दोन शंकू म्हणजे डमरू, दाबलेलं वर्तुळ म्हणजे लंबवर्तुळ, एवढं शेजारच्या कोऱ्या जागेत काढलं की झालं.

शुभचिन्हांत मात्र एक जोडी फसवी आहे. विष्णूच्या छातीवर दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तीन घरांच्या: श्रीवत्स आणि कौस्तुभ. श्रीवत्स ही खूण आहे, कौस्तुभ हे रत्न. सूत्रात 'चिन्ह', 'खूण', 'लांछन' असेल तर पहिलं, 'मणी', 'रत्न', 'समुद्रमंथन' असेल तर दुसरं. मी स्वतः एका स्पर्धेत इथे कौस्तुभ भरून पुढची चार सूत्रं बिघडवली होती, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगतो.

आकडे: आकडा म्हणून न येणारे

'चार' किंवा 'सात' असं उत्तर कुणी विचारत नाही. आकडा वेषांतर करून येतो आणि त्याचे वेष तीन-चारच आहेत.

पहिला वेष अपूर्णांकांचा. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे ओळखीचे. पण साडेतीनला मराठीत दोन घरांचा एक शब्द आहे: औट. 'घटकेच्या राज्याचं माप (२)' असं सूत्र आलं की वाक्प्रचार आठवा.

दुसरा वेष समूहांचा. वीस नगांना कोडी म्हणतात आणि आपण सोडवतो तीही कोडीच. 'सोडवायची अनेक, मोजायची वीस (२)' हे सूत्र मला मिळालं असतं तर रचणाऱ्याला दाद दिली असती.

तिसरा वेष मोठ्या संख्यांच्या जुन्या नावांचा. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी दहापटीने वाढणारी पायरी आहे. अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं, परार्ध म्हणजे एकावर सतरा. आता ही नावं पुन्हा वाचा. अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, अर्थात कमळ. महापद्म हेही कमळच. शंकू भूमितीतून आला. जलधी म्हणजे समुद्र. 'पाण्यात उगवलेली संख्या (२)' याचं उत्तर आता सांगायला नको.

चौथा वेष सर्वांत रंगतदार. संस्कृत ग्रंथांत आणि शिलालेखांत आकडे शब्दांनी लिहायची पद्धत होती. तिला भूतसंख्या म्हणतात. जगात जी वस्तू ठरावीक संख्येने असते तिचं नावच त्या आकड्यासाठी वापरायचं. चंद्र किंवा भू म्हणजे एक. नेत्र, पक्ष म्हणजे दोन. अग्नी, राम, गुण म्हणजे तीन. वेद, युग म्हणजे चार. बाण म्हणजे पाच, कारण मदनाचे बाण पाच. ऋतू, रस म्हणजे सहा. मुनी, अश्व, पर्वत म्हणजे सात. वसू, गज म्हणजे आठ. ग्रह, नंद म्हणजे नऊ. पुढे दिशा दहा, रुद्र अकरा, आदित्य बारा, मनू चौदा, तिथी पंधरा, आणि दात बत्तीस.

दोन गोष्टी सांभाळा. रस म्हटलं की आपल्याला नवरस आठवतात, पण इथे चवीचे सहा रस धरलेले असतात. आणि आकडे उलट्या क्रमाने, एकम स्थानापासून वाचायचे. उदाहरणार्थ 'ऋतू-नंद-बाण-भू': सहा, नऊ, पाच, एक. उलटवलं की १५९६. हे शक वर्ष आहे. त्यात ७८ मिळवले की १६७४, म्हणजे शिवराज्याभिषेक. कोड्यात एवढी मोठी साखळी येत नाही, पण 'भूतसंख्येत आठ (२)' असं येतं आणि तिथे वसू, गज, नाग असे तिघे दार ठोठावतात. तेव्हा आडव्या-उभ्याचा छेद मिळेपर्यंत काही भरू नका.

झेंडे, मुद्रा, लांछनं

इथे थोडं थांबायला हवं, कारण कोड्यातला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत चुकणारा भाग हाच.

नियम एकच लक्षात ठेवा: वाहन वेगळं, ध्वज वेगळा. कधीकधी दोन्ही जुळतात. शंकराचं वाहन नंदी आणि ध्वजावरही वृषभ, म्हणून तो वृषध्वज (४) किंवा वृषभध्वज (५). विष्णूचं वाहन गरुड आणि ध्वजावरही गरुड. पण कार्तिकेयाचं वाहन मोर असलं तरी त्याच्या ध्वजावर कोंबडा आहे. मदनाचं वाहन पोपट, ध्वजावर मकर. म्हणून 'कार्तिकेयाच्या झेंड्यावरचा पक्षी (३)' वाचून मयूर भरणारा फसतो. तिथे कुक्कुट हवा, आणि दुर्दैवाने दोघेही तीन घरांचे.

महाभारतातले ध्वज तर रचनाकारांची खाणच. अर्जुनाच्या रथावर वानर, म्हणून कपिध्वज. भीष्मांच्या ध्वजावर ताड, म्हणून तालध्वज. बलरामालाही तालध्वजच म्हणतात, तेव्हा सूत्रात नांगर आहे की शरशय्या ते पाहा. दुर्योधनाच्या ध्वजावर नाग, अश्वत्थाम्याच्या ध्वजावर सिंहाचं शेपूट. महाभारत सोडून रामायणात या, तिथे जनक राजाचं नाव सीरध्वज (४) होतं. सीर म्हणजे नांगर. शेत नांगरताना सीता सापडली ही कथा माहीत असेल तर हे नाव विसरणं कठीण. त्याच्या भावाचं नाव कुशध्वज, तोही चार घरांचा. म्हणून पहिलं घर मोकळं असेल तर हात आवरा.

ध्वजासाठी 'केतू' आणि 'केतन' हेही शब्द आहेत. मीनकेतन (५) म्हणजे मदन. धूमकेतू (४) म्हणजे ज्याच्यावर धुराचा झेंडा फडकतो तो, अर्थात अग्नी. आकाशातल्या शेपटीवाल्या पाहुण्यालाही तेच नाव मिळालं. असे समास सोडवताना शेवटच्या पदापासून सुरुवात करा. शेवटची दोन घरं 'ध्वज' आहेत असं गृहीत धरून आधी भरून टाका, मग पुढे कोणता प्राणी बसतो ते मोजा. विदिशेजवळचा हेलिओडोरसचा स्तंभ हाही गरुडध्वजच. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात एका ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी तो उभारला. पाच घरांचा गरुडध्वज देवाचं नाव असू शकतो, तसा दगडी खांबही.

राजघराण्यांची चिन्हं विचारली तर दक्षिण भारतापासून सुरुवात करा, कारण तिथली चिन्हं ठसठशीत आहेत. चोळांचा वाघ, पांड्यांचा मासा, चेरांचं धनुष्य, पल्लवांचा बैल, बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा आणि देवगिरीच्या यादवांचा गरुड. विजयनगरनेही वराह घेतला आणि त्यांच्या सोन्याच्या नाण्यालाही वराहच म्हणत. म्हैसूरचा गंडभेरुंड (५) दोन डोक्यांचा पक्षी आहे. अल्बानियाच्या झेंड्यावरचाही पक्षी दोन डोक्यांचा, पण तो गरुड. डोकी मोजून भागत नाही, देश पाहावा लागतो.

प्राणी कळला तरी काम अर्धंच होतं. त्याची कुठली हाक बसते ते घरं सांगतात, म्हणून प्रत्येक चिन्ह-प्राण्याची लहान-मोठी नावं हाताशी असावीत. वाघ दोन, व्याघ्र दोन, शार्दूल तीन. सिंह दोन, केसरी आणि मृगेंद्र तीन, वनराज आणि पंचानन चार. बैल दोन, वृषभ तीन. गरुड तीन, सुपर्ण तीन, वैनतेय चार. मासा, मीन आणि मत्स्य तिन्ही दोन घरांचे, म्हणून पांड्यांवरचं सूत्र वाटतं तितकं सोपं नाही. त्यांचं पहिलं घरही 'मा', 'मी', 'म' असं निरनिराळं आहे. सूत्राची भाषा इथे मदत करते. सूत्र संस्कृत वळणाचं असेल तर उत्तरही बहुधा तसंच. 'पांड्य नृपांचे लांछन' असं लिहिणारा 'मासा' लिहून घेणार नाही.

जैन तीर्थंकरांची लांछनं चोवीस आहेत. सगळी पाठ नसली तरी दहा-बारा पुरतात: ऋषभनाथांचा बैल, संभवनाथांचा घोडा, पद्मप्रभांचं कमळ, चंद्रप्रभांची चंद्रकोर, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा रेडा, धर्मनाथांचं वज्र, शांतिनाथांचं हरीण, मल्लिनाथांचा कलश, मुनिसुव्रतांचं कासव, नेमिनाथांचा शंख, पार्श्वनाथांचा सर्प आणि महावीरांचा सिंह. यातली काही नावांतूनच सुचतात. ऋषभ म्हणजे बैल, पद्म म्हणजे कमळ, चंद्र म्हणजे चंद्र. नावात मदत नसणारी तेवढी वहीत लिहून ठेवा.

शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी. तिच्यावरच्या संस्कृत श्लोकात मुद्रेची तुलना प्रतिपदेच्या चंद्रकोरीशी केली आहे. म्हणजे एका मुद्रेतून 'अष्टकोन', 'प्रतिपदा' आणि 'चंद्रकोर' ही तिन्ही चार घरांची उत्तरं निघतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाला मिळालेल्या नव्या ध्वजावरचा अष्टकोन याच मुद्रेवरून घेतला आहे. मराठ्यांचा निशाणाचा झेंडा जरीपटका, घरं पाच.

भारताची राजमुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली गेली. सारनाथच्या स्तंभशीर्षावर सिंह चार आहेत, मुद्रेत तीन दिसतात. हा आकड्यांचा फरक रचनाकार सोडत नाहीत, तेव्हा सूत्रात 'आहेत' लिहिलंय की 'दिसतात', ते वाचा. खालच्या पट्टीवर मूळ शिल्पात हत्ती, घोडा, बैल, सिंह असे चार प्राणी आहेत, मुद्रेत मात्र घोडा आणि बैल. ब्रीदवाक्य मुंडकोपनिषदातलं. राष्ट्रध्वजावरच्या चक्राला आरे चोवीस, ध्वजाचं लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२.

परदेशी झेंड्यांत चौकोनी नसलेला एकमेव राष्ट्रध्वज नेपाळचा. स्वित्झर्लंडचा आणि व्हॅटिकनचा अगदी चौरस. कॅनडाचं मेपलचं पान १९६५ पासूनचं, लेबननवर देवदाराच्या कुळातला वृक्ष, श्रीलंकेच्या सिंहाच्या पंजात तलवार, भूतानवर ड्रॅगन.

युरोपातल्या ढालींवरची कुलचिन्हं मराठी कोड्यात क्वचित येतात. आली तर फ्रेंच राजांचं तीन पाकळ्यांचं लिलीचं फूल किंवा मागच्या पायांवर उभा सिंह. बाराव्या शतकात चिलखताआड चेहरा झाकलेल्या सरदारांना ओळखण्यासाठी ती पद्धत रुळली आणि तिची स्वतंत्र परिभाषा झाली. इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांना ती रोज भेटते. तिथे सोनेरी रंगाला 'ऑर', रुपेरीला 'आर्जेंट', लालला 'ग्यूल्स', काळ्याला 'सेबल' आणि हिरव्याला 'व्हर्ट' म्हणतात. इंग्रजी सूत्रात सोनं दिसलं की अनुभवी माणूस आधी 'ओ' आणि 'आर' ही दोन अक्षरं लिहून पाहतो. तिथला सिंहही नुसता सिंह नसतो. उभा असेल तर 'रॅम्पंट', एक पंजा उचलून चालत असेल तर 'पासंट'.

एक छोटं कोडं, पायरी पायरीने

तीन बाय तीनची चौकट घ्या. मधलं घर काळं. सूत्रं चार.

आडवं, वरची ओळ: कामदेवाच्या ध्वजावर (३).
आडवं, खालची ओळ: पोळ्यातल्या खोलीचा आकार (३).
उभं, डावीकडे: वासुपूज्य तीर्थंकरांचं लांछन (३).
उभं, उजवीकडे: गणपतीकडे एक, आपल्याकडे बत्तीस (३).

मी वरून सुरुवात करत नाही. सर्वांत कमी पर्याय असलेलं सूत्र आधी, आणि ते इथे खालचं आहे. पोळं काढा, एक खोली काढा, बाजू मोजा. सहा. तीन घरांत षट्कोन बसतो: ष, ट्को, न. शेवटी 'न/ण' अशी खूण करून ठेवा.

आता डावीकडचा उभा शब्द 'ष'वर संपतो. लांछन रेडा आहे, पण रेडा दोन घरांचा आणि 'ष'वर संपत नाही. संस्कृत नाव घ्या: महिष. तीन घरं, शेवटी 'ष'. बसला.

म्हणजे वरची ओळ 'म'पासून सुरू होते. मदनाचा ध्वज मकराचा. पण तीन घरांत 'मगर'ही बसते, दोन्ही 'म'ने सुरू होतात आणि 'र'वर संपतात, आणि नेमकं मधल्या घरातून कुठलाही उभा शब्द जात नाही. इथे छेद मदत करणार नाही, चित्रच करेल. देवळाच्या तोरणावरचा मकर डोळ्यांसमोर आणा: सोंडेसारखं वळलेलं तोंड, खाली माशासारखं अंग, मागे फुलोऱ्याची शेपटी. नदीतली मगर अशी नसते. ध्वजावर आहे तो मकर.

उरला उजवीकडचा शब्द: 'र'पासून सुरू, शेवटी 'न' किंवा 'ण'. अर्थ दात, हे बत्तीस वरून कळलं. दंत दोन घरांचा. दशन तीन घरांचा, पण 'द'ने सुरू होतो. 'र'ने सुरू होणारा दात कोणता? एकरदन हे गणपतीचं नाव आठवलं की रदन मिळतो, आणि त्याच्या शेवटच्या 'न'ने षट्कोनाचाही निकाल लागतो. पेन्सिलीतला 'ण' आता खोडायचा.

आता तीन सूत्रं तुमच्यासाठी. उत्तरं वर येऊन गेली आहेत. 'धुराचा झेंडा घेऊन येणारा पाहुणा (४)'. 'कमळ आणि सागर यांच्यामध्ये उभी खुंटी, एकावर तेरा शून्यं (२)'. आणि तिसरं: 'मांडीवर घेतला तर बाळ, रंगभूमीवर पडला तर पडदा, चंद्रावर दिसला तर ससा (२)'.